मलाही आहे

औसा,
९ जानेवारी २०२५

चि. सुखदा,

आशीर्वाद तुला आहेतच, ते पत्रात वेगळे मोजून द्यायला नकोत. तुला सातवा लागला हे तुझ्या बाबांनी परवा पाटीवर लिहून दाखवलं. माझे कान गेल्यापासून मी घरात पाटी-पेन्सिल ठेवली आहे. जन्मभर पोरांच्या पाट्या तपासल्या, आता लोक माझ्यासमोर पाटी धरून उभे राहतात. कानातलं मशीन नुसती शिट्टी मारतं, आणि मोबाइलवरची तुमची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. म्हणून हे पत्र. तुमच्या पिढीला पत्र लिहिणं म्हणजे शिक्षा वाटते, तरी उत्तर पाठव.

एक काम आहे. तुमच्या बंगळुरात माझी एक विद्यार्थिनी आली आहे, ध्रुपदा. आजीचं नाव ठेवलं म्हणून पोरं तिला चिडवायची, तर ही म्हणायची, आजी मेली, नाव मी सांभाळते. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. नवरा पिराजी तिथल्या पीण्या भागात एका कारखान्यात लेथ मशीनवर असतो. तिचाही सातवाच, तुझा आणि तिचा महिना एकच. पहिलटकरणीने खरं तर माहेरी यायचं. पण तिला आई नाही, सासू ऊसतोडीला गेलेली, म्हणजे इथे येऊन तरी करेल कोण? तेव्हा तिथेच बाळंत होणार म्हणते.

तिला कन्नड येत नाही, हिंदी जेमतेम. मला येतं, कारण तुझे आजोबा रेल्वेत असताना माझं लहानपण विजापुरात गेलं. तुझ्या बाबांचा जन्म नंतरचा, त्यांना एक शब्द कळत नाही. दवाखान्यात बाईला आपल्याला काय होतंय तेच सांगता आलं नाही, तर तिथे जाऊन उपयोग काय? तुझ्याकडे स्वयंपाकाला ती निपाणीकडची यल्लव्वा येते ना, दोन्ही भाषा बोलणारी? तिला एकदा ध्रुपदासोबत दवाखान्यात पाठव. आणि तू स्वतः एकदा जाऊन ये. तिचा नंबर खाली लिहिला आहे.

तुझी,
शालनआत्या

---

सर्जापूर रोड, बंगळुरू,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार सध्या पोटामुळे जमत नाही, मानून घे.

तुझं पत्र सिक्युरिटीने वर आणून दिलं तेव्हा निहारला वाटलं कोर्टाची नोटीस आली. मी दोनदा वाचलं. इतक्या दिवसांनी हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. लाल पेन तर हातात घेऊच नकोस.

माझं सगळं छान चाललंय. आमची हॉस्पिटलची डॉक्टर एकदम स्वीट आहे. दर व्हिजिटला वजन, बीपी, युरिन, बाळाचे ठोके, सगळं होतं. डाएटचा चार्ट आहे, श्वासाचे क्लास आहेत, नवऱ्यांचाही एक क्लास आहे. निहारला तिथे बाहुलीला लंगोट बांधायला लावला, तर त्याने बाहुलीचे दोन्ही पाय एकाच भोकात घातले. सगळे इंग्लिश-हिंदी बोलतात, त्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही. मला कन्नड म्हणजे थोडं मागायला ‘स्वल्प’ आणि ठीक म्हणायला ‘सरी सरी’, एवढंच. भाजीवाल्यासमोर तेवढं पुरतं.

ध्रुपदाला फोन केला. किती गोड बोलते गं. ‘ताई, तुमी बाईंच्या भाची म्हंजी माझ्या बहीणच की,’ म्हणाली. पीण्या आमच्यापासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, आत्या. तुला वाटतं एकच गाव, पण ट्रॅफिकमध्ये एवढ्या वेळात माणूस औशाहून सोलापूरला पोचेल. त्यात ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे. पण यल्लव्वाशी बोलले. ती म्हणाली, ‘मी जातो की अक्का, त्यात काय.’ ध्रुपदा पुढच्या महिन्यात, सहा तारखेच्या गुरुवारी दवाखान्यात जाणार आहे, पिराजीला त्या आठवड्यात सकाळची सुट्टी घेता येत नाही म्हणून एकटीच. तर यल्लव्वा त्या दिवशी तिच्यासोबत जाईल. झालं ना तुझं काम?

तुझी,
सुखदा

---

औसा,
२७ जानेवारी २०२५

चि. सुखदा,

अक्षर बरं आहे. वेलांट्या मात्र तू चौथीत द्यायचीस तशाच, वाटेल तिथे.

फोनवर भेटलीस, बरं केलंस. पण फोनवर माणूस पुरता भेटत नाही. एक बहिरी बाई हे सांगते आहे म्हणून हसशील. मला आता लोक ऐकू येत नाहीत, तेव्हा मी त्यांच्याकडे बघते, आणि बघितल्यावर कळतं की तोंडाने ते भलतंच सांगत होते. ध्रुपदा तर लहानपणापासून तशीच. अंगात ताप असला तरी ‘बरी आहे बाई’ म्हणायची. हात लावल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून म्हणते, जमेल तेव्हा जाऊन ये.

सोबत दोन कुंच्या पाठवते आहे. माझ्या जुन्या इरकली लुगड्याच्या शिवल्या आहेत. नवं कापड बाळाच्या मानेला टोचतं, हे धुऊन धुऊन मऊ झालेलं आहे. एक तुझ्या बाळाची, एक ध्रुपदाच्या. दोन्ही एकाच लुगड्याच्या आणि एका मापाच्या आहेत, तेव्हा कोणती कोणाची हा घोळ नको. कोणतीही एक तिला दे. पोस्टाने तिच्या पत्त्यावर पाठवली असती, पण ती सांगते तो पत्ता म्हणजे ‘पत्र्याच्या शेडच्या मागं, लाल टाकीपाशी’. पोस्टमन तरी काय करेल बिचारा.

यल्लव्वा गेली की काय झालं ते लिही.

शालनआत्या

---

सर्जापूर रोड, बंगळुरू,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

पार्सल मिळालं. कुंच्या कसल्या सुंदर आहेत गं. सासूबाईंनी हातात घेऊन गालाला लावल्या. दोन्ही कपाटात नीट ठेवल्या आहेत. ध्रुपदाची, जाईन तेव्हा देईन.

काल माझं डोहाळजेवण झालं. सासूबाई बुधवारीच पुण्याहून आल्या. सोसायटीतल्या सगळ्या मराठी बायका होत्या, नागपूरच्या, मुंबईच्या, एक तुझ्या लातूरचीसुद्धा. फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं झालं. पेढा की बर्फी विचारलं, तर माझ्या वाटीखाली बर्फी निघाली. आता बघू.

रागावणार नसशील तर एक सांगते. यल्लव्वाला गुरुवारी पाठवता आलं नाही. करंज्या आणि चकल्यांचा घाट घातला होता, सासूबाईंना एकटीने होईना, आणि मला डॉक्टरने फार उभं राहू नको सांगितलंय. यल्लव्वा निघताना म्हणालीसुद्धा, ‘अक्का, त्या पोरीचं काय?’ मी म्हटलं पुढच्या गुरुवारी जा. पण काळजी करू नकोस, ध्रुपदा एकटी जाऊन आली आणि काही अडलं नाही. मी संध्याकाळी फोन करून विचारलं ना. पायांना आणि हातांना सूज होती म्हणून गेली होती. त्या दिवशी तिथे लहान मुलांच्या लसी होत्या, ही गर्दी. पण नर्सला तिने सांगितलं, सूज, सूज. नर्सने कार्ड बघितलं आणि म्हणाली, ‘सूजी आयितु, सरी सरी, होगी.’ म्हणजे त्यांच्याकडेही आपलाच शब्द आहे, मला गंमतच वाटली. सूज आली आहे, ठीक आहे, घरी जा. एवढं तर मलाही कळतं.

आणि मी तिला सांगितलं, अगं मलाही आहे. खरंच आहे. माझ्या चपला होत नाहीत, अंगठी साबण लावून काढली. परवाच डॉक्टर म्हणाली, काही नाही, नॉर्मल आहे, पाय वर करून बस. तेच तिला सांगितलं. ती एवढी खूश झाली. म्हणाली, ‘तुमाला बी हाय व्हय ताई?’ डोकं दुखतं म्हणत होती, तर म्हटलं पाणी पी भरपूर.

तर सगळं ठीक. तू उगाच झोप घालवू नकोस.

तुझी,
सुखदा

---

औसा,
१५ फेब्रुवारी २०२५

सुखदा,

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. वाचून मी मेडिकलवाल्या विश्वेश्वरकडे चपला न घालता गेले. त्याने ध्रुपदाचा फोन लावला, तो बंद. पिराजीचा बंद. तुझा वाजला, तू उचलला नाहीस. त्याला तुला मेसेज टाकायला लावला आहे आणि हे पत्रही टाकते, कारण मला दुसरं काही करता येत नाही.

सूजी म्हणजे सूज नव्हे. कन्नडमध्ये सूजी म्हणजे सुई. इंजेक्शन. आयितु म्हणजे झालं. ‘इंजेक्शन झालेलं आहे, ठीक आहे, जा,’ असं ती नर्स म्हणाली. लसीचा दिवस, सगळ्या बायका सुईसाठीच आलेल्या, त्यात ही सूज सूज म्हणते. तिला वाटलं धनुर्वाताची सुई राहिली का विचारते आहे. तिने कार्ड बघितलं, सुई दिलेली होती, लावून दिलं घरी. पोरीची सूज कोणी ऐकलीच नाही, सुखदा.

आणि तुझ्या डॉक्टरने ‘काही नाही’ म्हणायच्या आधी तुझं काय काय तपासलं ते तूच मला मागच्या महिन्यात लिहिलं आहेस. परत वाचायला तुझ्याकडे ते पत्र नाही, माझ्याकडे आहे. हिचं त्यातलं कोणी काय बघितलं? हातांना सूज आणि डोकेदुखी हे पाणी पिऊन जाणारं नसतं, एवढं माझ्यासारख्या बिनलेकराच्या बाईलाही माहीत आहे.

मेसेज मिळाला की यल्लव्वाला घे आणि जा. करंज्या झाल्या असतील आता.

शालनआत्या

---

सर्जापूर रोड, बंगळुरू,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

विश्वेश्वर काकांचा मेसेज मी त्याच दिवशी वाचला आणि यल्लव्वाला घेऊन निघाले. आम्हाला उशीर झालाच होता. तू पत्र लिहीत होतीस त्याच्या तीन दिवस आधीच सगळं होऊन गेलं होतं. बाबांनी तुला पाटीवर सांगितलं असेल, पण मला स्वतः लिहायचं आहे.

लाल टाकी सापडली. दोन कारखान्यांच्या मधल्या बोळात खोल्या आहेत, मशीनची धडधड भिंतीतून येते. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने यल्लव्वाला कन्नडमध्ये सांगितलं आणि यल्लव्वा खाली बसली. मला काही कळेना. मी विचारत राहिले, काय म्हणते, काय म्हणते, आणि यल्लव्वा बोलेना. त्या दोन मिनिटांत मला कळलं की ध्रुपदाला इथे रोज कसं वाटत असेल.

शेजारणीने सांगितलेल्या मोठ्या दवाखान्यात पिराजी वॉर्डाबाहेर भेटला. म्हणाला, ‘सकाळी चहा ठिवताना म्हनली, डोळ्यापुढं धूर दिसायलाय. मी म्हनलं, स्टोचा आसंल.’ मग तिला झटका आला. एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवलं, तिथे पोट चिरून बाळ काढलं. मुलगा होता. रडलाच नाही. ध्रुपदा दोन दिवस शुद्धीत नव्हती, आता आहे. मी आत गेले तर मला ओळखेना. ओळखणार कशी, आम्ही भेटलोच नव्हतो. नाव सांगितल्यावर हसली आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाली, ‘उतरली का ताई सूज?’

परतताना यल्लव्वाने हट्टाने, ध्रुपदा सहा तारखेला गेली होती त्या सरकारी दवाखान्यात नेलं. नर्स साधी, थकलेली बाई आहे, तिला ध्रुपदा आठवत होती. यल्लव्वाने सांगितल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, पाय दाखवले असते तर मला कळलं नसतं का? पण रांगेत बापे उभे होते, आत्या, आणि ध्रुपदा घोट्याखालपर्यंत साडी नेसते. ती पदराआडून नुसती तोंडाने सांगत राहिली. नर्स रडायला लागली तेव्हा यल्लव्वाच तिला समजावत होती.  घरी येताना मला मात्र एवढंच म्हणाली, ‘मी जातो म्हटला होता, अक्का.’

तू नर्सला बोल लाव, मला लाव, पण सूजीचं कोडं मला तेवढं छळत नाही. तो तर दोघींचा गैरसमज. मी काय केलं ते छळतं. माझ्या डॉक्टरने बीपी बघितलं, युरिन बघितली, रक्त बघितलं आणि मग म्हणाली, काही नाही. मी त्यातलं फक्त ‘काही नाही’ उचललं आणि तिला देऊन टाकलं. माझ्या तपासण्यांवर तिला बरं ठरवलं. तिने दुसऱ्या कोणाला विचारलंही नसेल त्यानंतर.

दोन्ही कुंच्या अजून कपाटात आहेत. मी ते कपाट उघडत नाही. तिची माफी मागायची आहे आणि कशी मागायची कळत नाही. तू सांगशील?

सुखदा

---

औसा,
५ मार्च २०२५

चि. सुखदा,

मागच्या पत्रात करंज्यांचं लिहिलं, ते लिहायला नको होतं. पोस्टात टाकलेलं परत घेता येत नाही. घेता आलं असतं तर घेतलं असतं.

पिराजी ध्रुपदाला माझ्याकडे सोडून गेला आहे. त्याला कामावर परत जावं लागलं. ती माझ्याजवळच राहील, अंगात ताकद येईपर्यंत. दूध आलं होतं, बांधून ठेवावं लागलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, तू भरल्या दिवसांची आहेस.

तू तुझं म्हणतेस, तर माझंही ऐक. मला कन्नड येतं. तिला बंगळुराला जाताना मी चिवडा दिला, खण दिला, पत्रात तुला शहाणपण दिलं. ‘कालु ऊदिदे’ हे दोन शब्द दिले नाहीत. पाय सुजलेत, एवढंच त्याचं कन्नड. चौथीत तिला पंचवीस कविता पाठ करायला लावल्या होत्या, ती हे दोन शब्द जन्मभर विसरली नसती. मी तुझ्या यल्लव्वावर सोडून दिलं. तू डॉक्टरवर सोडलंस. असं प्रत्येकीने पुढे ढकललं आणि शेवटी ती पोर एकटी उभी राहिली.

तुझी माफी मी तिला वाचून दाखवली. ऐकताना ती भांडी घासत राहिली. तिला जेव्हा वाटेल तेव्हा तीच लिहील, मी पाटी पुढे करणार नाही. तू मात्र तपासण्या चुकवू नकोस, आणि स्वतःला त्रास करून घेतलास म्हणजे तिचं काही भरून निघेल, असं समजू नकोस.

यल्लव्वाला माझा नमस्कार सांग. कन्नडमध्ये लिहून देते आहे, तिला दाखव.

शालनआत्या

---

औसा,
१४ एप्रिल २०२५

सुखदाताईंना ध्रुपदाचा नमस्कार.

बाईंनी सांगितलं तुमाला मुलगी झाली. लई आनंद झाला. तुमी दोघी बऱ्या आहात हे दोनदा विचारून घेतलं, कारण बाईंना नीट ऐकू येत नाही आणि माझा आता कोणाच्या ऐकलेल्यावर विश्वास बसत नाही.

तुमी माफी मागितली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. लिहायला उशीर झाला. काय लिहावं सुचत नव्हतं. बाई म्हणतात मनात आहे ते लिही, शुद्धलेखनाचं मी बघते. पण मी त्यांना दाखवणार नाही.

ताई, तुमी फोनवर म्हणालात ना, मलाही आहे, तवा मला किती बरं वाटलं होतं ते तुमाला ठाऊक नाही. त्या गावात मला कोणाचंच काही कळत नव्हतं आणि माझं कोणाला कळत नव्हतं. संध्याकाळी हे कामावरून आले, तर मी ह्यांना म्हणलं, अवो, एवढ्या मोठ्या बिल्डिंगीतल्या ताईंचे पाय बी माझ्यासारखेच सुजलेत. हे हसले. मी तो सगळा आठवडा त्याच आनंदात होते. डोकं दुखलं तरी म्हणायचे, ताईंचं बी दुखत आसंल. मला वाटलं, बाईच्या जातीला ह्या एका गोष्टीत तरी देवानं सारखं ठेवलंय.

ते तेवढं खरं नव्हतं. त्याचं मला वाईट वाटतं. तुमचा राग नाही येत. येईल असं वाटलं होतं, वाट बघितली, पण नाही आला. बाळाची आठवण येती. त्याचं नाव मी ठरवलं होतं, ते कोणाला सांगितलं नाही आणि सांगणार बी नाही.

पुढच्या महिन्यात मी परत पीण्याला जाणार. बाई मला कन्नड शिकवायल्यात. कालु म्हणजे पाय, कै म्हणजे हात, तले म्हणजे डोकं. आमच्या बोळात उत्तरेकडच्या दोन बायका आहेत, एकीला दिवस गेलेत. तिला बी कन्नड येत नाही. तिच्यासंगं मी जाईन.

बाई म्हणत होत्या माझी कुंची तुमच्याकडंच राहिली. परत पाठवू नका. दोन्ही एकाच लुगड्याच्या आहेत, माझी कोणती ते तुमाला बी कळायचं नाही. दोन्ही बाळाला घाला. एक धुवायला टाकली की दुसरी लागतीच.

तुमची,
ध्रुपदा